क्रिस्पीनचा तुंबा

नदीपलीकडची फर्मिना माझ्या भावाच्या घरी राहायला आली आणि त्याच आठवड्यात भावाने पहाटे माझ्याकडे येणं बंद केलं. याला योगायोग म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मी म्हणत नाही.

क्रिस्पीन माझा धाकटा भाऊ. होड्या बांधतो. आई गेल्यापासून आमची पहाट ठरलेली: माझी चूल, माझी किटली आणि दोघांत एक तुंबा. तुंब्यात येर्बाचा पाला भरायचा, वरून गरम पाणी घालायचं. नळीने पहिला तुंबा मी ओढायचा, कारण करणारीने आधी चाखायचं असतं, मग पुढचा त्याने. एकच नळी. येर्बाला उष्टं नसतं. बोलणं फारसं व्हायचं नाही, पण त्या कडू घोटांशिवाय माझे डोळे उघडायचे नाहीत आणि त्याचे हात चालायचे नाहीत. मला नवरा नाही, मूल नाही. दिवसभरात माझ्याशी कुणी बसायचं ते तेवढंच.

आता मी एकटी बसत होते आणि हा बाबा तिकडे शीळ घालत जुनी होडी रंगवत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, सदऱ्याची सगळी बटणं लावून. नवरा मुठीत राहावा म्हणून आमच्याकडच्या बायका येर्बात काय काय मिसळतात, हे मला कुणी शिकवायला नको. पलीकडच्या काठावरच्या तर त्यात तरबेज.

एका दुपारी न सांगता जाऊन धडकले. फर्मिना पाणी तापवत होती. मला बघून ती दचकली, हे मी नीट पाहिलं.

"या ना, नेलिदाबाई. बसा. आज इकडे कुठे वाट चुकलात?"

"भावाचं घर आहे. वाट पाठ आहे मला."

तिने दोन तुंबे काढले. एक त्याला, एक मला. घरच्या माणसांत दोन तुंबे मी जन्मात पाहिले नव्हते. मी त्याच्या तुंब्याकडे हात नेला, तर तिने तो चटकन उचलला.

"तो नको, तो त्याचा आहे. तुमचा वेगळा भरलाय."

क्रिस्पीन होडीच्या फळीकडे बघत बसला. माझ्या डोळ्याला डोळा देईना. ती किटली भरायला आत वळली आणि तो पाठमोरा झाला, तेवढ्यात मी त्याच्या तुंब्यातला चिमूटभर ओला पाला रुमालात बांधला.

बाजारात एउलोखिया झाडपाल्याच्या पेंढ्या विकते. तिने पाला हुंगला, बोटांत चोळला, जिभेवर ठेवला.

"गवती चहा. संत्र्याची साल. आणि ही कृष्णकमळाची पानं."

"आणि येर्बा?"

"नावालासुद्धा नाही. कुणाचं आहे हे? यानं माणूस जागा होत नाही, बाई. यानं झोप लागते."

म्हणजे ती त्याला नुसता मुठीत ठेवत नव्हती, गुंगीत ठेवत होती. उद्या घर, होड्या, सगळं तिच्या नावावर करून देईल आणि याला पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच किटली आणि माझा तुंबा घेऊन त्याच्या अंगणात उभी राहिले. पाला ठासून भरला होता, मेलेला उठून बसेल असा. पहिला तुंबा मी ओढला, दुसरा भरून त्याच्या हातात दिला. फर्मिना दारात येऊन थांबली.

"घे," मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर येईल."

त्याने तुंबा धरला. खूप वेळ त्यातल्या फेसाकडे बघितलं. मग नळीला ओठही न लावता माझ्या हातात परत दिला.

"आभारी आहे, नेली."

आमच्यात तुंबा परत देताना आभार मानतो तो उठणारा माणूस. मानले की त्याला पुन्हा भरून द्यायचं नसतं. आजवर हा माझ्यासमोर आभार न मानताच उठत आला होता. माझ्या बोटांवर गरम पाणी सांडलं, तेही कळलं नाही.

"काय केलंस गं याला?" मी फर्मिनावर धावले. "काय पाजतेस? सगळं कळलंय मला."

"सांग आता तूच," ती त्याला म्हणाली. "मी तुला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं."

तो ओट्यावर बसला. "काळीज ठोके चुकवतंय माझं. शहरातल्या डॉक्टरनं येर्बा बंद केली. कॉफी बंद. चेतवणारं काहीच नको म्हणाला."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू भरायचं थांबली असतीस? एवढासा घे म्हणाली असतीस. आणि तुझ्या हातचा परत करणं मला जमलं नसतं. म्हणून यायचंच बंद केलं."

हे खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

"आणि ही शीळ? होडीचा रंग? ते कशानं चेतलंय?"

तो फर्मिनाकडे बघून कानापर्यंत लाल झाला. ती किटली उचलून आत निघून गेली.

त्या दिवशी मी एउलोखियाकडून एक पेंढी आणली. दुसऱ्या पहाटे माझा तुंबा धुऊन त्यात गवती चहा, साल आणि ती पानं भरली. पहिला मी ओढला. त्यापेक्षा भांडी विसळलेलं पाणी बरं. निरोप धाडला नव्हता, पण आमच्या वस्तीत पेंढीची बातमी माझ्या आधी घरी पोचते. दोघंही आली.

आधी पाहुणीला दिला. ती नळी पुसते का, यावर माझी नजर होती. नाही पुसली.

मग त्याला. नळी खुळखुळेपर्यंत त्याने ओढलं आणि तोंड वाकडं केलं. मी त्याच्या ओठांकडे बघत राहिले, कालचा शब्द येतो का म्हणून.

आभार आले नाहीत. रिकामा तुंबा त्याने माझ्यापुढे धरला आणि मी त्यात पुन्हा पाणी ओतलं.