बसून बघा

"आई, नाव गेलंय," सून म्हणाली.

"गेलंय म्हणजे? पाय फुटले त्याला?"

मी खुर्चीची बैठक विणत होते. हातात ओला वेत, दातांत लाकडी खुंटी. सून समोर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"इंटरनेटवरचा पत्ता, आई. डोमेन म्हणतात त्याला. अख्ख्या जगात एक नाव एकालाच मिळतं. 'बसून बघा' कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय."

खुंटी दातांतून खाली पडली.

'बसून बघा' हे माझे शब्द. चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणतेय. खुर्ची तयार झाली की गिऱ्हाइकाला एवढंच सांगते. भाव नंतर, आधी बसून बघा. मुलाने धंदा इंटरनेटवर न्यायचं काढलं तेव्हा त्याने 'रॉयल केन', 'एलिट सीटिंग' असली नावं आणली होती. मी म्हटलं, "हे खुर्चीचं नाव आहे की खोकल्याच्या औषधाचं?" तेव्हा कुठे माझं नाव ठरलं.

आणि ठरल्यावर मी थांबते होय! लोखंडी ठसा करून आणला, लालबुंद तापवला आणि तयार वीस खुर्च्यांच्या पायांवर नाव डागून मोकळी झाले. सून म्हणत होती, "आधी नाव मिळतंय का ते तर बघू." मी म्हटलं, "माझंच नाव मला कोण नाकारतंय?"

लाकडावरचा डाग पुसला जात नाही.

"तरी मी सांगत होतो..." मुलगा दारातून म्हणाला.

"तू गप. चोर कोण ते बघा आधी."

"मालकाचं नाव झाकलेलं आहे," सून म्हणाली. "पण सात वर्षांपूर्वी घेतलंय. दर वर्षी मुदत वाढवलीय. थांबा, पान उघडतंय."

ती वाचायला लागली आणि थांबली.

"वाच की! वाचा बसली का?"

"'हे नाव माझ्या आईचं आहे. विकायचं नाही.' एवढंच लिहिलंय."

मुलगा भिंतीकडे बघू लागला.

मला एकच मुलगी. सात वर्षांपूर्वी ती याच खोलीत म्हणाली होती, "आई, आपण इंटरनेटवर जाऊ. मी बघते सगळं." चार गिऱ्हाइकांसमोर मी तिला म्हटलं, "खुर्ची फोनवर विकशील, आणि लोक बसतील कशावर, तुझ्या डोक्यावर? तू तुझा संसार बघ. धंदा माझ्या मुलाचा आहे." तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. ते मला तेव्हाही ठाऊक होतं. विणत होती ती खुर्ची तशीच टाकून ती उठली. नंतर कुणाच्या आजारपणात आली असेल तेवढीच.

"फोन लाव तिला," मी सुनेला म्हटलं. मग म्हटलं, "नको, इकडे दे." नंबर मला पाठ होता. लावत नव्हते एवढंच.

"आई? कुणाला काही झालं का?"

"सगळे धडधाकट आहेत. ते नाव तू घेतलंस?"

"हो. आज ना उद्या तुला लागणार. दुसऱ्या कुणी घेतलं असतं म्हणजे?"

मी पदर खोचून भांडायला बसले होते. आता भांडू कुणाशी?

"दादाच्या नावावर करून देते," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

मुलाने फोनसाठी हात पुढे केला. मी तो बाजूला सारला.

"काही नको. तुझ्याच नावावर राहू दे. आणि मी वीस खुर्च्या डागून बसलेय. त्या विकायच्या कशा ते इथे येऊन सांग."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस काय? वेत भिजवायला रडून भागत नाही, बादलीभर पाणी लागतं."

फोन ठेवला तोवर हातातला वेत वाळला होता. वाळलेला वेत ओढला की तुटतो. मी तो परत पाण्यात टाकला. मग मुलाला माळ्यावर चढवून तिची ती अर्धवट खुर्ची खाली काढायला लावली. सात वर्षांची धूळ पुसली आणि खुर्ची खिडकीपाशी, तिच्या जागेवर ठेवली.

त्या खुर्चीवर अजून कुणाला बसता येणार नव्हतं.