नाकवालीचं नाक

परफ्यूमच्या त्या दुकानात तिला सगळे नाकवाली म्हणायचे, आणि तेही कौतुकानं. बावीस वर्षं ती काउंटरमागे उभी होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्यानं अंगाला काय फवारलंय, हे ते तोंड उघडायच्या आत तिला कळायचं. नवा माल आला की मालकीणबाई पहिली बाटली तिच्यापुढे सरकवायच्या. "तू हुंग, मग मी ऑर्डर देते," म्हणायच्या.

तिचं स्वतःचं परफ्यूम मात्र एकच होतं. पहिल्या पगारात घेतलेलं, आणि तेव्हापासून तेच. लावल्या लावल्या संत्र्याच्या सालीसारखा चुरचुरीत वास यायचा, तासाभरानं फुलं वर यायची, आणि दुपार कलली की तळाशी राहायचा तो शेवाळाचा आणि वाळल्या लाकडाचा खोल, शांत वास. इतरांना पहिले दोन आवडायचे. ती मात्र त्या तिसऱ्यासाठी दुपारची वाट बघायची.

एका सोमवारी जुनी बाटली संपली म्हणून तिनं नवी उघडली. सकाळी संत्रं होतं, फुलंही आली. दुपारी दोन वाजता तिनं सवयीनं मनगट नाकाशी नेलं आणि तिथं काहीच नव्हतं. धुतलेल्या हाताला येतो तसा साबणाचा पुसट वास, बस. ती मागच्या स्टोअर-रूममध्ये गेली, दार लोटलं आणि पुन्हा हुंगलं. दुसरं मनगट हुंगलं. तिथंही साबणच.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बाटली खराब निघाली. पण हिच्या डोळ्यांपुढे बाबा उभे राहिले. बाबांचं असंच सुरू झालं होतं. शेगडीवरचं दूध करपून घरभर धूर झाला, तरी ते शेजारीच पेपर वाचत बसले होते. तेव्हा सगळे हसले होते. दोन वर्षांनी ते तिलाच अदबीनं विचारायला लागले, "आपण कोणाकडे आलात?" डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, काहींच्या बाबतीत आधी वास जातो आणि मग बाकीचं. बाबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. ती आता चोपन्नची होती.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. घरी आल्यावर कॉफीचा डबा हुंगला, बुटांचं पॉलिश हुंगलं, नवऱ्याचा कामाचा शर्ट हुंगला. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्याच्या शर्टाला कायम ग्रीसचा वास. सगळ्याचे वास येत होते. पण ते पूर्ण येत होते की अर्धे, हे कसं ठरवायचं? स्वतःचंच नाक तपासायला दुसरं नाक आणायचं कुठून?

गुरुवारी सहा नवी परफ्यूम आली. मालकीणबाईंनी ती ओळीनं मांडली, शेजारी दुकानातली खपाची जुनी ठेवली आणि कागदाच्या पट्ट्या पुढे केल्या. अशा वेळी नाकवाली रंगात यायची. हे म्हणजे त्या गुलाबाचं धाकटं भावंड, पण जरा आगाऊ; हे म्हणजे इस्त्रीची नवी चादर, असं काहीबाही बोलायची आणि मालकीणबाई तेच शब्द गिऱ्हाइकांपुढे वापरायच्या. त्या दिवशी तिनं पहिली पट्टी नाकाशी नेली, मग जुन्याची नेली, मग पुन्हा पहिली.

"कसं आहे?"

"बरं आहे."

"आणि हे?"

"हेही बरं आहे."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षांत तू कशालाही नुसतं बरं म्हणालेली नाहीस. वाईट तरी म्हण."

"सर्दी झालीय थोडी," ती म्हणाली. खरं तर तिला त्या सहाही बाटल्या नीट कळल्या होत्या. एकीत अंजिराचं कोवळं पान होतं, एकीत मिरी आणि थंड लोखंड, एकीत पुन्हा तीच इस्त्रीची चादर. पण आपल्याला कळतंय ते खरंच तिथं आहे, याचा भरवसा उरला नव्हता.

रविवारी ती नणंदेकडे गेली. नणंद वयानं मोठी, बँकेतून निवृत्त झालेली, फटकळ, पण मनानं मऊ. नाकवालीनं तीन वर्षांपूर्वी तिच्या साठीला आपल्या आवडीच्या परफ्यूमची बाटली दिली होती. ती अजून शिल्लक असेल, अशी एक आशा नाकवालीला होती, आणि धास्तीही. त्या बाटलीतूनही तळाचा वास आला नाही, तर मग पळवाट उरली नसती.

"ताई, मी दिलेलं परफ्यूम आहे का हो अजून?"

"असणार नाही तर काय? एवढं भारी लावून जाऊ कुठं, भाजी आणायला? कपाटात ठेवलंय, कपड्यांना बरं." नणंदेनं कपाट उघडलं.

दार उघडताच तो वास बाहेर आला. शेवाळ, लाकूड, सगळं. बाटलीचं बूच कधीचं सैल झालं होतं आणि तळाचा वास शालींत आणि स्वेटरांत तीन वर्षं मुरला होता. नाकवाली तशीच पलंगावर बसली.

"अगं, काय झालं? पाणी देऊ?"

मग तिनं सगळं सांगितलं. बाबांचं दूध, स्टोअर-रूम, सर्दीची थाप, सगळं. नणंदेनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे तिच्या बाबतीत आश्चर्यच होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आठवडाभर हे एकटी घेऊन फिरलीस? शहाणी आहेस की कोण? ती नवी बाटली आणलीयस?"

बाटली पर्समध्येच होती. डाव्या मनगटावर जुनं, उजव्यावर नवं, असं लावून दोघी बसल्या. तळाचा वास वर यायला दोन-तीन तास लागतात, त्याला घाई करून चालत नाही. तेवढ्या वेळात नणंदेनं तिला स्वस्थ बसू दिलं नाही. डोळ्यांवर रुमाल बांधला आणि घरातलं एकेक नाकाखाली धरायला सुरुवात केली.

"हे?"

"पेन्सिल. नुकतीच टोक केलेली."

"हे?"

"लिंबाचं पान."

"हे?"

"ताई, हा भावोजींचा मोजा आहे. लांब करा."

नणंद हसत सुटली. तिनं चौदा वस्तू धरल्या आणि चौदाही बरोबर आल्या. त्यातली एक नणंदेला स्वतःलाच ओळखता आली नसती.

तीन वाजता नाकवालीनं डावं मनगट हुंगलं. सगळं होतं. उजवं हुंगलं, साबण. तिनं दोन्ही हात नणंदेपुढे केले. नणंदेला परफ्यूममधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं डावं हुंगलं, उजवं हुंगलं, पुन्हा डावं.

"यात विचारायचं काय? हा चहा आहे, आणि हा त्याच पत्तीवर पुन्हा पाणी घालून उकळलेला."

नाकवालीचा जीव भांड्यात पडला. आधी तिला रडू आलं, मग हसू, आणि मग इतकी भूक लागली की नणंदेनं पुढे केलेलं सगळं तिनं संपवलं. आठवडाभर घास घशाखाली उतरत नव्हता, हे तिला तेव्हा कुठं जाणवलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून बसला. "तू आठवडाभर जे दिसेल ते हुंगतेयस. मला वाटलं गॅस गळतोय. मी नळी बदलली, रेग्युलेटर बदलला, काल तर माणूस बोलावून तपासून घेतलं." मग तो हळूच म्हणाला, "तरी एकदा डॉक्टरला दाखवू. मी येतो बरोबर." तिनं मान डोलावली. डॉक्टरांनी बुधवारी सगळ्या चाचण्या केल्या आणि सांगितलं, नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे, आता निवांत राहा.

त्याआधी सोमवारीच तिनं कंपनीला फोन लावला होता. तिकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "हो, वर्षापूर्वी एक घटक काढलाय. नाव आणि बाटली तीच ठेवली, ग्राहकांचा गोंधळ नको म्हणून."

"गोंधळ नको म्हणून," तिनं त्यांचेच शब्द परत म्हटले आणि फोन ठेवला. मग मालकीणबाईंकडे गेली. सर्दी नव्हती, हे आधी कबूल केलं आणि मग बाकीचं सांगितलं. मालकीणबाई रागावल्या त्या कंपनीवर. त्या सहा नव्या बाटल्या त्यांनी पुन्हा मांडल्या आणि या वेळी नाकवाली दीड तास बोलत होती.

पंधरा दिवसांनी एक वयस्कर बाई दुकानात आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वर्षा-दोन वर्षांनी येणाऱ्या. त्यांनी तीच बाटली काउंटरवर ठेवली आणि इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "मला परत करायची नाहीये. फक्त विचारायचं होतं. मला हिचा वास पूर्वीसारखा येत नाही. सून म्हणते, वय झालं. मलाही तसंच वाटायला लागलंय."

नाकवाली काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि त्यांना खुर्ची दिली. "बसा आधी. तुमचं नाक शाबूत आहे. परफ्यूमच बदललंय."

 बाईंनी पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना न लावता तसाच हातात धरला. "नक्की?"

"नक्की. मी स्वतः फोन करून विचारलंय. सुनेला माझं नाव सांगा."

तासभर दोघी नवी परफ्यूम लावून बघत बसल्या. शिक्षिकाबाई एकेकाला गुण देत होत्या. अंजिराला पास केलं, इस्त्रीच्या चादरीला नापास. जुन्याच्या जवळ जाणारं एकही नव्हतं, हे दोघींना पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं, पण कोणी उठत नव्हतं. शेवटी बाईंनी मिरी आणि लोखंडवालं उचललं.

"हे जुन्यासारखं अजिबात नाही," नाकवालीनं सांगून टाकलं.

"म्हणूनच घेतेय. यात मला काही हरवल्यासारखं वाटणार नाही."

बाई गेल्यावर नाकवालीनं मिरी आणि लोखंडवाल्याच्याच नमुन्याच्या बाटलीतला एक फवारा आपल्या मनगटावर मारला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.