वळणावरचं तुपिग

मानोंग सेलो हा माझा मोठा भाऊ; मोठ्या भावाला आम्ही मानोंग म्हणतो. आमच्या लाओआग गावच्या मोटरसायकलवाल्यांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलंय. गरिबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आम्ही दरवर्षी फेरी काढतो, चोवीस तासांत हजार किलोमीटर. देणगी किलोमीटरमागे मिळतेच, पदक मात्र वेळेत पोचणाऱ्यालाच. हा गडी चार वर्षं थोडक्यासाठी उशिरा पोचला. विचारलं की म्हणायचा, पाठ धरली, थांबलो.

यंदा साखरेच्या आजारानं त्याचेच डोळे नेले. तरी म्हणाला, शेवटचं एकदा जाऊ. मग एकाच गाडीवर मी पुढे आणि तो मागे. मी मनाशी पक्कं केलं होतं, काही झालं तरी यंदा याच्या गळ्यात पदक घालायचंच.

भर दुपारी बाराला निघालो. गाडी हाकली म्हणजे अशी हाकली की माझं मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला थांबलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. मानोंगच्या जाकिटात केळीच्या पानात गुंडाळलेलं तुपिग होतं, तांदळाच्या पिठात नारळ-गूळ घालून निखाऱ्यावर भाजलेलं. काय वास सुटला होता त्याचा! मी हात घातला तर हातावर चापट बसली. एवढासा तुकडा, तोही सख्ख्या बहिणीला देववत नाही याला! पुढचे दोन तास मी त्याच्याशी बोलले नाही.

साडेदहाला समुद्राकाठचा घाटरस्ता लागला. पाच वर्षांपूर्वी तिथल्या वळणावर त्याची बायको फेली अपघातात गेली. कठड्याशी तिचा पांढरा क्रूस आहे. अशा जागेवरून जाताना आम्ही दोनदा हॉर्न वाजवतो, गेलेल्याला हाक म्हणून. मी नाही वाजवला. उगाच खपली कशाला काढा, आणि बाराच्या आत पोचायच्या हिशेबात जेमतेम पंधरा मिनिटं जास्तीची होती. गुपचूप वेग वाढवला.

दहा किलोमीटरवर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"इसिंग, वळण अजून आलं नाही का गं?"

"गेलं मघाशीच."

त्यानं खांद्यावरचा हात काढून घेतला. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसता जाकिटावरून ती पुडी चाचपत बसला. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तुपिग फेलीचं होतं. गेलेल्या माणसापुढे ठेवायच्या घासाला आधी कुणी तोंड लावत नाही. चारही वर्षं हा तिथंच तिच्यापाशी बसत होता, आणि वर गोगलगाय म्हणवून घेत होता.

मी गाडी वळवली.

"वेडी झालीस का? पदक जाईल."

"जाऊ दे. गप बस, मानोंग."

वळणावर दोनदा हॉर्न वाजवला आणि त्याचा हात धरून त्याला क्रूसापाशी नेलं. त्यानं पान सोडून तुपिग ठेवलं, बोटांनी तिचं नाव चाचपलं. म्हणाला, "फेली, आज इसिंग पण आलीय बघ." मला रडू आवरेना. बऱ्याच वेळानं त्यानं तुपिग उचललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आता खा म्हणाला.

लाओआगला पोचलो तेव्हा बारा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. आली गोगलगाय म्हणून मंडळी हसली. वेळ लिहिणाऱ्यानं मानोंगकडे बघून विचारलं, "काय, यंदाही पाठ धरली?"

मानोंग तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "हो. या वेळी माझी."