माळकरी साहेबाची कोंबडी

कडूबाईच्या आधी तिच्या आईची दोन लेकरं गेली होती. म्हणून यमाला गोडी वाटू नये असं नाव ठेवलं. यम काही फिरकला नाही, पण नाव मात्र अंगाला लागलं. एकदा शेजारणीनं नेलेली चाळण परत दिली नाही. कडूबाई भांडली नाही, रडली नाही. शेजारीण मरेपर्यंत तिच्या दारावरून जाताना मोठ्यांदा एवढंच म्हणायची, "चाळण!" शेजारणीचा जावई दिवाळीला आला तरी सूट नव्हती.

आता अशा बाईच्या उसाचा नंबर कुणी खावा?

पण शेतकी ऑफिसर तात्यारावानं खाल्ला. त्या साली दुष्काळ असा पडला होता, की विहिरीत बादली सोडली की खडकावर आपटल्याचा खणखणाट वर यायचा. खडकेश्वर सहकारी कारखान्यात कायदा सरळ होता: ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. कडूबाईचा दीड एकर ऊस नंबरात आला, की तात्याराव तोडणीची टोळी डायरेक्टर आण्णासाहेबांच्या उसाच्या फडात पाठवायचा. आण्णासाहेबांची लागण दोन महिने मागून झालेली. पण डायरेक्टरचा ऊस लवकर वयात येतो म्हणतात.

"मावशी, टोळी कमी हाय," तात्याराव तोंडात वेलदोडा घोळवत सांगायचा. "पुढच्या आठवड्यात."

असे तीन पुढचे आठवडे मागं गेले. ऊस पिवळा पडला. आणखी थोडे दिवस गेले असते, तर फडात चिपाडंच उभी राहिली असती.

एक दिवस कडूबाई ऑफिसात गेली, तर खुर्चीवर नुसता टॉवेल. शिपाई म्हणाला, "साहेब फडात गेलेत." कडूबाईनं उन्हात चार फड पालथे घातले. साहेब नाही. घशाला कोरड पडली म्हणून कारखान्याच्या गेटासमोरच्या पत्र्याच्या शेडात पाणी मागायला शिरली. ते शेड सोलापूरच्या शरणप्पानं गळीत हंगामापुरतं टाकलं होतं, आणि त्यात कपाटाएवढे तीन व्हिडिओ गेम होते.

पहिला विमानाचा. त्याच्यावर सगळ्यांचा जीव. टोळीवाले कोयते दाराशी ठेवून लढाईला बसायचे. दुसरा मोटारीचा. त्याच्यावर ड्रायव्हर लोकांचा राग. "दिवसभर ष्टेरिंग हाणायचं, आन पैसं दिऊन परत ष्टेरिंगच?" तिसरा कोपऱ्यातला, कोंबडीचा. वरून कोंबडी अंडी टाकती, खाली आपण पाटीत झेलायची. त्याच्याकडं कुणी बघायचं नाही, पोरींचा खेळ म्हणायचे. एकट्या शरणप्पाला तो पसंत. "इमानात काय हाय? बटन दाबलं, फट्. कोंबडीला डोस्कं लागतंय डोस्कं!"

त्या कोपऱ्यात, भर फाल्गुनात, डोक्याला मफलर गुंडाळून एक माणूस ओरडत होता, "आलं, आलं! अंडं आलं! झेल!"

कडूबाईनं मफलरीखाली वाकून बघितलं. गळ्यात तुळशीची माळ. तात्याराव! पंगतीत शेजारी कुणी अंड्याचं नाव काढलं, तर चूळ भरून उठणारा माळकरी तात्याराव!

बोभाटा करायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण बोभाट्यानं लोक एक दिवस हसले असते, आणि कडूबाईला एका दिवसाचा सूड पुरत नव्हता. ती पाणी प्याली आणि भिंतीवरचा बोर्ड शरणप्पाकडून वाचून घेतला. "तीन अंडी फुटेपर्यंत कोणी कोणास उठवू नये. हुकुमावरून."

"हुकूम कुणाचा?"

"माझाच की, अक्का."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडायला कडूबाई दारात हजर. पदर खोचला आणि कोंबडीपुढं बसली. पहिल्या दिवशी नुसता चिखल झाला अंड्यांचा. तिला त्या खेळाचा संताप यायचा. "काय मेला नाद! एवढी अंडी झेलायची, आन कालवणाला एक न्हाय."

शरणप्पाला तिची कीव आली. "अक्का, अंड्याकडं बघू नका. कोंबडीच्या बुडाकडं बघा. ती आधी हालती, मग टाकती."

"आमच्या साहेबाचं बी तसंच हाय," कडूबाई म्हणाली. "तोंडाकडं बघून काय बी कळत न्हाय."

तेव्हापासून तिचा हात बसला. आठवडाभरात ती अशी झाली, की इकडं पाटी हलवता हलवता तिकडं बाजाराच्या गप्पा मारायची, आणि अंडं फुटायचं नाही.

मग ती संध्याकाळी आली. तात्यारावाची वेळ धरून.

तात्याराव मफलर सावरत शिरला, तर कोपऱ्यात लुगडं. तो खाकरला. कडूबाई हलली नाही. तो विमानावर जाऊन बसला. चढायच्या आधीच पडलं. मोटारीवर बसला, दोन वळणांत त्याला मळमळलं. परत येऊन तो कोंबडीमागं उभा राहिला. शेड बंद व्हायच्या वेळेपर्यंत उभाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातलं नाणं घामानं ओलं झालं.

"मावशी," तो कुजबुजला, "तुमचं व्हायचंय का अजून?"

"अंडं फुटलं की व्हईल."

"फुटू द्या की मग एखादं!"

"आवं, माळकऱ्याच्या म्होरं अंडं फोडू? पाप लागंल मला."

विमानावरचे टोळीवाले फिस्सकन हसले. तात्यारावाची मफलर नाकापर्यंत खाली आली. "मावशी, टोळी लावतो. उद्याच लावतो. उठा!"

"उद्या न्हाय. चिठ्ठी आत्ता."

त्यानं कोंबडीच्या डब्यावरच कागद ठेवून तोडचिठ्ठी लिहिली. आण्णासाहेबांकडं जाणारी टोळी कडूबाईच्या फडात वळवली. कडूबाईनं चिठ्ठी पुतण्याला, बलभीमाला दिली, आणि पुन्हा पाटी हलवायला लागली.

"आता उठा की!"

"ऊस काट्यावर गेल्याबिगर न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कडूबाई कोंबडीवर, आणि तिच्यामागं तात्याराव. मफलर काखेत, लाज कवाच घरी ठेवलेली. दिवस कलता कलता शेडासमोरून भरला ट्रॅक्टर धडधडत गेला. वरून बलभीम ओरडला, "काकू! शेवटची खेप! उसाचं वाढं घराकडं टाकलं, गुरं तुटून पडल्यात!"

कडूबाईनं डोळे मिटले, उघडले. अंडं काही सोडलं नाही.

आणि त्याच वेळी दारात जीप थांबली. पांढरीफेक कापडं घातलेले आण्णासाहेब आत आले. अख्खा कारखाना पालथा घालून आले होते.

"तात्याराव! माझ्या फडातली टोळी कुठं हाय? आन तुमी इथं कशाच्या रांगेत हुबा?"

तात्यारावानं एक डोळा पडद्यावरच्या कोंबडीवर ठेवला, दुसरा आण्णासाहेबांवर, आणि काखेतली मफलर परत डोक्याला गुंडाळायला लागला.

कडूबाईनं पाटी थांबवली. एक अंडं फुटलं. दुसरं फुटलं. तिसरं फुटलं. ती उठली, लुगडं झटकलं. तात्याराव टुणकन बसायला निघाला, तशी ती आडवी आली.

"आवं साहेब, सरा की! आण्णासाहेब आल्यात. बसा, मालक."

"मी? ह्या पोरींच्या खेळाला?"

"बरुबर हाय. डायरेक्टर लोकांस्नी जमायचा न्हाय. डोस्कं लागतंय म्हणत्यात."

आण्णासाहेबांनी टोपी काढून शरणप्पाच्या हातात दिली.

"पण नंबर माझा..." तात्यारावाच्या तोंडून निघून गेलं.

आण्णासाहेबांनी मान वळवली. "कशाचा नंबर?"

"न्हाय, न्हाय. बसा, साहेब."

त्यानं आपलं ओलं नाणं आपल्याच हातानं फटीत टाकलं. कडूबाई त्याच्या कानाशी आली आणि एकदम मायेनं म्हणाली, "टोळी कमी हाय, साहेब. पुढच्या आठवड्यात."

आण्णासाहेबांची तीन अंडी डोळ्याचं पातं लवायच्या आत फुटली. बोर्डावरचा हुकूम त्यांना वाचून दाखवायची छाती शरणप्पाला झाली नाही. "ही कोंबडी बेइमान हाय!" असं म्हणत त्यांनी दुसरं नाणं मागितलं, मग तिसरं. दुसऱ्या दिवशी मफलर गुंडाळून आले. त्यांच्यामागं तात्याराव रोज उभा. बसता येईना, आणि साहेब बसलेले असताना निघून जाता येईना.

टोळीवाले मुकादम चिठ्ठीसाठी ऑफिसात यायचे, तर खुर्चीवर टॉवेल. आण्णासाहेबांच्या वाड्यावर जायचे, तर मालक "कामानिमित्त बाहेर". तेव्हा मुकादम टोळ्या घेऊन गरिबागुरिबांच्या फडात शिरले, ऑफिसातली यादी बघून, लागणीच्या तारखेप्रमाणं. कारखान्यात असं पहिल्यांदाच घडलं. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपायच्या वेळेला एकच ऊस उभा होता, आण्णासाहेबांचा उरलेला. त्याला असे पांढरे तुरे आले होते, की लांबून वाटावं डायरेक्टरच टोप्या घालून मीटिंगला बसलेत.

कडूबाई परत कधी कोंबडीला बसली नाही. पण ढोकीच्या एस.टी.ला जाताना वाट वाकडी करून ती शेडाच्या दारात थांबायची. आत खुर्चीवर एक मफलर, मागं उभी एक मफलर. दोन्ही मफलरी दचकतील एवढ्या मोठ्यांदा ती एकच शब्द बोलायची आणि पुढं चालू लागायची.

"नंबर!"