ताप शे का?

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. पिठाच्या गिरणीवर अर्धा जन्म गेला. पट्टा फिरायला लागला की हळू बोलणाऱ्याचं कोण ऐकतं? नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते, त्यामुळे देवळात नुसतं "तीर्थ द्या" म्हटलं तरी पुजारी दचकतो.

अमळनेरला आमच्या गल्लीत बातम्या दळणाबरोबरच मिळायच्या. डबा ठेवायचा, ओट्यावर बसायचं, नंबर येईपर्यंत सगळ्या गावाचं ऐकायचं आणि आपल्या पदरचं थोडं घालून घरी न्यायचं. चौऱ्याण्णव साली गणपती गेले, पोरींची गुलाबाई बसली आणि पाठोपाठ सुरतेची बातमी आली. प्लेग! ऐकणाऱ्याच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण आमच्याकडे घरटी एक माणूस सुरतेला. कोणाचा पोरगा लूमवर, कोणाची लेक उधन्याला दिलेली. माझी धाकटी बहीण तानू तिकडेच, नवरा आणि एक पोरगी घेऊन.

समोरच्या देवचंदनानांकडे चांगला रेडिओ होता. नाना मिलमधून रिटायर झालेले, गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, बोलणं मोजकं. रोज संध्याकाळी ते बातम्या ऐकायचे आणि सकाळी गिरणीवर येऊन आम्हाला सांगायचे. एके सकाळी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर ती रोगाची खूण समजा. आणि आतापासूनच उंदरांचा बंदोबस्त करा.

"अरे देवा!" मंजुळाअक्का म्हणाल्या. ह्या नानांच्या बायको. "गणपतीला निरोप देऊन आठवडा नाही झाला, आणि त्याच्या वाहनाला विष घालायचं? माझ्या घरात हे पाप नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पाप नकोच, म्हणाले. मग कोणी म्हणालं कापूर हुंगा, कोणी म्हणालं कडुनिंबाचा धूर करा. अक्कांनी तर घरातल्या सगळ्यांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधल्या, म्हशीच्याही. मी पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी गुपचूप मीही एक बांधली. भीती कोणाला नव्हती हो?

त्याच दिवशी तानू आली. सुरतेकडून येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे, संडासाच्या दाराशी उभ्याने आली. कडेला एक पिशवी, हाताला नऊ वर्षांची जिग्ना. पोरीचं नावसुद्धा तिकडचंच. दोघींच्या तोंडाला रुमाल. नवरा हिलाल कारखान्याच्या कामाने आधीच भरूचला गेलेला, तो सुखरूप होता. पण ह्या दोघींना जायला माझ्या घराशिवाय दुसरी जागा नव्हती. तानूने लांबूनच हात जोडले आणि म्हणाली, "ताई, घरात घेशील का?"

बहिणीला असं विचारावं लागतं?

"घेशील का म्हणजे? तोंड फोडीन तुझं!" मी ओरडले. घरात घेतलं, पण आधी सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, छाती तपासली, काखा चाचपल्या. ताप नाही म्हणाले. कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, आठवडाभर दोघींना वेगळं ठेवा, अंग गरम लागलं तर लगेच आणा.

गिरणीला लागून धान्याची खोली होती, गल्लीकडे खिडकी असलेली. ती मी रिकामी केली आणि गिरणी बंद केली. कोणी सांगायच्या आत, स्वतःहून.

तरी गल्ली जमलीच. लांब, नानांच्या ओट्यापाशी. किराणा दुकानवाला रतिलाल सगळ्यांच्या पुढे. "कमलबाई, यांना शेतातल्या खोपीत ठेवा. आमच्याही घरात लेकरं आहेत."

"पावसापाण्यात पोरीला खोपीत ठेवू? साप चावला तर तू भरून देशील?"

बरीच बाचाबाची झाली. शेवटी नानांनी मधला मार्ग काढला. डॉक्टर ताप नाही म्हणतात ना, मग राहू द्या. पण रोगाची एक जरी खूण दिसली, तर नगरपालिकेला कळवायचं आणि दोघींना गाडीत घालून गावाबाहेर पाठवायचं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून रोज सकाळी एक तमाशा सुरू झाला. दात घासत घासत गल्ली आपापल्या दारात उभी राहायची आणि समोरून मंजुळाअक्का आमच्या बोलीत हाक द्यायच्या, "कमल वं! ताप शे का?"

मी खिडकीतून पोरीच्या कपाळाला हात लावायचे आणि गिरणीच्या आवाजात सांगायचे, "नई शे!"

मग पलीकडचा पुढच्याला, पुढचा कोपऱ्यावरच्याला. नई शे, नई शे, असं ते रतिलालच्या दुकानापर्यंत जायचं आणि मगच गल्ली तोंड धुवायची. खरं सांगते, आधी माझी तळपायाची आग मस्तकात जायची. माझी भाची काय नुमाइश आहे? पण तिसऱ्या सकाळी अक्का हाक देऊन थांबल्या नाहीत. आमच्या ओट्याच्या कडेला भरताची वाटी आणि दोन कळण्याच्या भाकरी ठेवल्या आणि पळत परत गेल्या. त्या घाबरत होत्या, तरी विचारत होत्या. घाबरत होत्या, तरी भाकरी आणत होत्या. मग माझा राग कुठल्या कुठे गेला.

पोरीला मात्र वेगळंच दुःख होतं. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या पोरी घरोघरी गुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. गाणी झाली की त्या घरचा खाऊ ओळखायचा. घरातली मुलगी बंद डबा हलवून दाखवते, बाहेरच्या पोरी आवाजावरून ओळखतात, गोड का तिखट, लाडू का शेव, आणि मग सगळ्या मिळून खातात. आमचं घर आलं की पोरी गाणं बंद करून भिंतीकडेने पळत पुढे जायच्या. जिग्नाने माझ्याकडून माती मागून घेतली आणि एक वाकडीतिकडी गुलाबाई केली, बांगडीच्या काचेचा मुकुट घालून खिडकीत बसवली. गुजराती वळणाने म्हणाली, "मावशी, मी पण डबो भरून ठेवू? त्या येतील ना?"

"येतील की," म्हणाले मी. खोटं बोलले.

आणि दुसऱ्या सकाळी गिरणीच्या दारात दोन उंदीर मरून पडलेले.

आधी दिसले मंजुळाअक्कांना. त्यांची किंकाळी ऐकून मी धावत बाहेर आले. गल्ली जमली. सगळे तोंडावर पदर, रुमाल धरून नुसते त्या उंदरांकडे आणि माझ्या खिडकीकडे बघत होते. मग रतिलाल म्हणाला, "खूण दिसली. आता ठरल्याप्रमाणे करा. मी नगरपालिकेत जातो."

मला ओरडायचं होतं. आयुष्यभर ओरडले आणि नेमका तेव्हाच आवाज फुटेना. खिडकीत पाहिलं तर जिग्नाने चप्पल घातली होती. छातीशी पिशवी धरून ती म्हणाली, "मावशी, तू भांडू नको. आम्ही जातो." मागे तानू भिंतीकडे तोंड करून रडत होती.

"रतिलाल, थांब."

हे नाना. ते गर्दीतून पुढे आले, एकटेच, थेट उंदरांपाशी. काठीने त्यांनी दाराच्या कोपऱ्यातून काहीतरी ओढून मोकळ्यावर आणलं. कणकेची अर्धी कुरतडलेली गोळी होती.

"हे उंदीर रोगाने मेलेले नाहीत," नाना म्हणाले. "मी मारलेत. औषध कणकेत मळून काल मी इथे भिंतीलगत गोळ्या टाकल्या. गिरणी बंद, उंदीर माझ्या घरात शिरतील म्हणून."

अक्कांचा तर आ वासलेलाच राहिला. "तुम्ही? अहो, मंडळाचे अध्यक्ष ना तुम्ही! दहा दिवस आरती केली आणि उंदराला विष घातलं?"

"घातलं," नाना मान खाली घालून म्हणाले. "गणपती मला काय करायचं ते करील. पण माझ्या लबाडीपायी ही पोर गावाबाहेर जाणार असेल, तर मी गप्प बसणार नाही." मग वळून म्हणाले, "रतिलाल, औषध तुझ्याच दुकानातलं. मी एकट्यानेच नेलं का? सांग खरं."

रतिलालने डोकं खाजवलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि एकेकाकडे बोट दाखवत सुटला. ह्यांनी नेलं. ह्यांनी नेलं. तुम्हीसुद्धा नेलं, पंडितभाऊ, माळ्यावर टाकायला. आणि अक्का, तुम्ही तर दोन पाकिटं नेली, नानांना सांगू नको म्हणालात!

बठ्ठी गल्ली, अख्खी! एक घर सुटलं नव्हतं. सगळ्यांनी चोरून औषध टाकलेलं, आणि आपल्या हाताने मारलेल्या उंदराला सगळे घाबरलेले. आधी शेजारचा पंडितभाऊ फिसकन हसला, मग अक्का, मग रतिलालसुद्धा. मी मात्र मटकन ओट्यावर बसले आणि भोकाड पसरलं. गेलेला आवाज सगळाच्या सगळा परत आला.

डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी गोळी पाहिली, उंदीर लांबून रॉकेल टाकून जाळायला लावले, दोघींना पुन्हा तपासलं. ताप नाही, म्हणाले, दोन दिवसांनी बाहेर येऊ द्या.

संध्याकाळी खिडकीबाहेर रस्त्यात पोरी उभ्या राहिल्या. नानांची नात सगळ्यांच्या पुढे. त्यांनी गाणी म्हटली, आणि जिग्नाने आतून डबा हलवला. धबधब आवाज आला. शेंगदाणे? नाही. बटाटे? नाही. "हरलो!" पोरी ओरडल्या. मी केलेले कणकेचे लाडू होते. मी डबा बाहेर आणला, झाकण काढलं, आणि एकही पोर पुढे येईना. एकीने आईकडे पाहिलं, दुसरीने पायाकडे. खिडकीत जिग्नाचं तोंड एवढंसं झालं.

नाना आपल्या ओट्यावरून उठले, रस्ता ओलांडून आले आणि हात पुढे केला.

"नाना, तुमच्याच गोळ्यांसारखे दिसतात," मी म्हणाले. थट्टा करायची म्हणून म्हणाले.

त्यांनी अख्खा लाडू खाल्ला, तिथेच उभं राहून, जिग्नाकडे बघत. मग बोटं चाटत म्हणाले, "गूळ कमी शे."

पुढच्या क्षणी डबा रिकामा! माझ्या वाट्याला चुरासुद्धा उरला नाही.

त्या माणसाला मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्यात कुठे म्हणतात? पण गिरणी पुन्हा चालू झाली तेव्हा पहिलं दळण नानांचं घेतलं, आणि ते होते तोवर त्यांच्या डब्याला कधी नंबर लावू दिला नाही. कोणी कुरकुरलं तर मी माझ्या आवाजात उत्तर द्यायचे. एका शब्दाने ते आमची अब्रू, आमचं घर राखू शकत होते किंवा गप्प बसून स्वतःची राखू शकत होते. त्यांनी आमची राखली. अजून दिवा लावताना त्यांचं नाव तोंडात येतं.

पण त्या लाडवांच्या दुसऱ्या सकाळचं सांगायचं राहिलं. गल्ली सवयीने दातवण घेऊन दारात आलेली. मंजुळाअक्कांनी हाक द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आमच्या खिडकीतूनच आवाज आला. माझाच वाटावा इतका मोठा. आमची जिग्ना, जिला आमच्या बोलीचा एक शब्द धड येत नव्हता, गजांना धरून ओरडत होती:

"नाना वं! ताप शे का?"

मग समोरच्या ओट्यावर नानांनी स्वतःच्याच कपाळाला हात लावला, नीट तपासल्यासारखं केलं आणि खणखणीत उत्तर दिलं:

"नई शे, माय! नई शे!"

आणि ते पलीकडच्याने पुढच्याला, पुढच्याने कोपऱ्यावरच्याला, असं थेट रतिलालच्या दुकानापर्यंत गेलं.