पानाच्या कडेची संख्या

मला भीती वाटते हे मी सहसा कबूल करत नाही. बत्तीस वर्षं मालगाड्यांच्या डब्यांची रजिस्टरं लिहिली, साहेबांशी भांडलो, कुणाला भ्यालो नाही. आज मात्र चेन्नईतल्या अड्यारच्या या गणित संस्थेत, हौशी लोकांच्या सभेत माझं नाव पुकारायला वीस मिनिटं असताना, मी दाराजवळची खुर्ची धरून बसलो होतो.

मूळ संख्यांचं खूळ मला निवृत्तीनंतर लागलं. काही मूळ संख्या जोडीने राहतात, सतरा आणि एकोणीस तशा. काही एकट्या. तेवीसच्या दोन मागे एकवीस, दोन पुढे पंचवीस, आणि त्या दोन्हींना भाग जातो. अशा एकट्यांभोवती मी गोल करायचो. एका पानावर एका हजारातल्या मूळ संख्या, त्याही पानाच्या एकाच अंगाला. पान संपलं की खाली रेघ, सही, मग पुढचं पान. रेघ मारली की मागे पाहायचं नाही, ही रजिस्टरची शिस्त.

दुसरी सही वेंकोबारावांची. हे निवृत्त शिक्षक, तंजावरचे मराठी, तिरुवल्लिकेणीत माझ्याच गल्लीत राहतात. रोज सकाळी दोन तास पानं तपासायला येतात. माझी बायको अलकनंदा गेल्यापासून त्या दोन तासांपलीकडे मी कुणाशी धड बोलत नाही.

दोनशे चाळीस पानांनंतर मला नियम सापडला होता. तीन हजार, सहा हजार, नऊ हजार अशा दर तिसऱ्या हजाराच्या अगदी कडेला आलेली मूळ संख्या एकटीच असते. एकही अपवाद नाही. तोच आज सांगायचा होता.

काउंटरवरच्या बाईंनी वहीच्या झेरॉक्स दिल्या. त्या मी टेबलावर ओळीने मांडल्या आणि तिथंच थांबलो. तिसऱ्या पानाच्या तळाशी २९९९. चौथ्याच्या माथ्यावर ३००१. दोन्ही मूळ, दोहोंत अंतर दोनाचं, आणि दोहोंभोवती माझे गोल. मी कधी पान उलटून पाहिलंच नव्हतं. माझा नियम म्हणजे माझ्या वहीची कड होती.

पळून जावं असं वाटलं. आत चाळीस माणसं होती, ती हसणार. त्याहून वाईट म्हणजे वेंकोबाराव. अकरा वर्षं या माणसाच्या सकाळी मी फुकट घालवल्या. उद्यापासून त्यांनी कशाला यावं?

ते शेजारीच बसले होते. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "पोंगलांत कळलं."

"आणि गप्प बसलात? मला इथवर येऊ दिलंत?" मला संताप आवरेना.

"रोज सांगावं म्हणून येत होतों. भ्या वाटलं, उमाकांतराव. चूक आहे म्हटलं तर तुम्ही वही मिटणार. मग सकाळीं मी कोठें जाऊं?"

हा माणूस जानेवारीतल्या पोंगलपासून रोज माझ्यासमोर बसून मला भीत होता, आणि मला वाटत होतं घाबरायचं काम आजच सुरू झालंय.

आतून माझं नाव पुकारलं. मी कागद उचलले.

"चूक झाली एवढंच सांगून येतो," मी म्हणालो. "तुम्ही बसा."

ते काठी टेकून उठले. "मीही येतों. सह्या माझ्याही आहेत."