मावशीचा क

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला आणि पाटीचा नमुना छापलेला कागद टेबलावरून परत ढकलला.

"हे माझं अक्षर नाही."

भाचीने दोन वर्षं खपून हा फॉन्ट केला होता. मावशीने चाळीस वर्षांत रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो गोळा केले होते आणि त्यांवरून जुन्या वळणाचं एकेक अक्षर, त्याच्या भरलेल्या पोटासह आणि नाजूक शेपटीसह, संगणकावर उतरवलं होतं. चौकातल्या पुस्तकांच्या नव्या दुकानाची पाटी याच अक्षरात होणार होती. फॉन्टला मावशीचं नाव द्यायचं, एवढीच तिची इच्छा होती आणि मावशी तर कागदाकडे पुन्हा बघायलाही तयार नव्हती. हात थरथरायला लागल्यापासून तिने ब्रश धरला नव्हता, तोरा मात्र तसूभरही उतरला नव्हता.

"अगं, तुझ्याच पाट्यांवरून घेतलंय. नीट बघ तरी."

"बघितलं. तीन क आहेत आणि तिन्ही एकाच साच्यातले. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी, छापल्या नाहीत. माझा क दोनदा सारखा आला असेल तर दाखव."

भाचीला आधी राग आला, मग फोटो पुन्हा पाहताना लाज वाटली. म्हातारीचं खरं होतं. कुठे शेपटी आखूड, कुठे शेवटी किंचित उचललेली. भाचीने त्या चुका समजून साफसूफ करून टाकल्या होत्या. तिने पुन्हा बैठक मारली. प्रत्येक अक्षराची चार रूपं काढली आणि ओळीत तेच अक्षर पुन्हा आलं की फॉन्ट आपोआप दुसरं रूप पुढे करील, अशी सोय केली. याला तीन महिने गेले.

पाटी लागली त्या सकाळी ती मावशीला हाताला धरून चौकात घेऊन आली. 'बालक पुस्तक केंद्र'.

मावशी पाटीखाली थांबलीच नाही. काम झालं की ती नेहमी रस्ता ओलांडून पलीकडून पाटी बघायची आणि मन भरलं तरच परत येऊन उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव घालायची. मन न भरलेल्या पाट्या बिननावाच्याच राहिल्या होत्या. आताही ती तरातरा पलीकडे गेली आणि भाची तिच्या मागोमाग.

 मावशीचं बोट हवेत क गिरवत होतं, थरथरत, पण वळण न चुकवता. एक झाला, दुसरा झाला. तिसऱ्यापाशी बोट थांबलं.

"याची शेपटी जरा लांबलीय," ती म्हणाली. "घाईत असणार मी तेव्हा."

भाचीला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. 

मावशीने चष्मा पुसून परत चढवला आणि पाटीच्या उजव्या टोकाकडे बोट केलं.

"आणि कोपरा रिकामा का ठेवलायस?"